दुभाषीकडे बघू नका

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या टीममध्ये एक कर्णबधिर टेस्टर आली. पहिल्या मीटिंगला तिच्याबरोबर सांकेतिक भाषेच्या दुभाषी बाई होत्या. मी अर्धा तास त्या बाईंकडे बघून बोलत होतो, "तिला सांगा, बिल्ड उद्या मिळेल" वगैरे. शेवटी तिनं खुणा केल्या आणि बाईंच्या तोंडून ऐकू आलं, "मी इथेच बसलेय." कान लाल झाले राव!

शनिवारी मग हे नियम आले कुठून ते शोधत बसलो.

अमेरिकेत १९६४ पर्यंत दुभाषी हा धड पेशाच नव्हता. काम होतं, पण ते करायचे कोण? कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं, शिक्षक, नाहीतर पाद्री. बहुतेक वेळा फुकट, उपकार म्हणून. आता विचार करा, आईला काय आजार झालाय ते डॉक्टर दहा वर्षांच्या पोराला सांगणार आणि त्यानं ते आईला सांगायचं. पोरगं घाबरून अर्धं गाळणारच की! आणि उपकार करणाऱ्याला 'तू चुकीचं सांगितलंस' म्हणायची सोय नसते, हे आपल्याला पक्कं माहीत आहे.

मुळात ही भाषा आहे हेच लोकांना मान्य नव्हतं. १८८० साली मिलानच्या परिषदेनं कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार करायचा ठराव केला. या खुणांना स्वतःचं व्याकरण आहे हे गॅलॉडेट कॉलेजातल्या विल्यम स्टोकी यांनी दाखवायला सुरुवात केली ती १९६० मध्ये. म्हणजे तब्बल ८० वर्षांनी.

जून १९६४ मध्ये इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी एक कार्यशाळा भरली आणि तिथे दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदणी संस्था जन्माला आली. पाठोपाठ आचारसंहिता आली. ऐकलेलं बाहेर फोडायचं नाही, पदरचं घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. खरी गंमत मला इथे वाटते. दुभाषी जितका मागे सरकला तितका कर्णबधिर माणूस पुढे आला. दुभाष्यानं कुठे बसायचं, उजेड कुठून हवा, कुठल्या शब्दाला कुठली खूण, हे तो सांगू लागला.

त्याला विचारलंच नाही तर काय होतं ते १० डिसेंबर २०१३ ला जगानं पाहिलं. नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत व्यासपीठावरचा दुभाषी अर्थहीन हात हलवत होता. ऐकू येणाऱ्यांना काहीच खटकलं नाही. कर्णबधिर प्रेक्षकांना मात्र लगेच कळलं.

आपल्याकडे दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आलं तेच २०१५ मध्ये. असो.

हल्ली मीटिंगच्या आदल्या दिवशी मी प्रोजेक्टमधल्या शॉर्टफॉर्म्सची यादी तिला पाठवतो. त्या दोघी बसून खुणा ठरवतात. माझ्या नावाचीही एक खूण तिनं केलीये म्हणे. तिचा अर्थ काय ते दोघीही सांगत नाहीत.