झाकणावरचा पाऊस

झाकणाशिवाय संसार होत नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा लागतो, दुधाच्या पातेल्यावर ताटली लागते. गटाराच्या झाकणाकडं मात्र कुणी प्रेमानं पाहिलेलं नाही.

जपान्यांनी पाहिलं. १९८५च्या सुमारास तिथल्या बांधकाम मंत्रालयातल्या कामेदा नावाच्या अधिकाऱ्यापुढं पेच होता. सांडपाण्याच्या योजनांना पैसा रग्गड लागतो आणि जमिनीखालचं काम कुणाला दिसत नाही. दिसतं ते फक्त झाकण. मग तेच देखणं करा! झालं, नगरपालिका ईर्षेला पेटल्या. कुणी फुजी पर्वत ओतला, कुणी चेरीचा बहर, कुणी बर्फ. २०१६पासून तर या झाकणांची सचित्र कार्डं निघाली आणि ती जमवायला माणसं गावोगाव हिंडू लागली. आपण गटार चुकवायला वळसा घालतो!

आपल्याकडं चंदीगडच्या झाकणांवर शहराचा नकाशाच ओतलेला आहे. त्यातली काही परदेशी लिलावांत भारी किमतीला गेली. म्हणजे आपलं झाकण कलाकृती ठरतं, ते जागेवरून हलल्यावर!

मी मारेगावचा, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या गावाला हवामानाचं झाकण करायला कलावंत लागणार नाही. कोरं लोखंड मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर ठेवावं. अनवाणी पायाला कला ताबडतोब कळेल.

मुंबईचं हवामान म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. पाणी तुंबलं की मॅनहोलचं झाकण उघडायचं, हा मुंबईकरांचा जुना उपाय. पाणी ओसरतं खरं, पण गढूळ पाण्याखालचं भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ला बॉम्बे हॉस्पिटलमधले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यातून चालत घरी निघाले होते. एल्फिन्स्टन भागातल्या अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये ते पडले. दोन दिवसांनी वरळीजवळ त्यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर महापालिकेनं झाकणांखाली जाळ्या बसवायला घेतल्या.

झाकण गोल असतं, कारण गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्या भोकात पडत नाही. झाकणाची काळजी भूमितीनं वाहिली. माणसाची जाळीवर सोपवावी लागली.

मुंबईनं झाकणांवर चित्रं काढायची ठरवली, तर जरूर पाऊस काढावा. फक्त खाली जाळी आहे ना, ते आधी बघावं. ढग काय, मागाहूनही ओतता येतील.