बेघर मुला-तरुणांचे निवारे, मुंबई

बेघर मुला-तरुणांचे निवारे, मुंबई : घर सोडून आलेल्या, घर नसलेल्या किंवा आईबापांबरोबर पदपथावर राहणाऱ्या मुलांसाठी, तसेच नुकत्याच सज्ञान झालेल्या तरुणांसाठी मुंबईत चालणाऱ्या निवासी व वस्तीपातळीवरील सेवा. सरकारी बालगृहे व निरीक्षणगृहे, संस्थांची खुली निवारागृहे, रेल्वे स्थानकांवरील मदतकक्ष, 1098 ही हेल्पलाइन आणि अनुरक्षणगृहे यांचा त्यांत समावेश होतो. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.73 लाख व बृहन्मुंबईत 57 हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. जो मुलगा त्या रात्री लांब पल्ल्याच्या गाडीत झाडू मारत भुसावळपर्यंत गेला असेल, तो त्यात धरला गेला असण्याची शक्यता कमीच.

सुरुवातीच्या व्यवस्थेवर तुरुंगाची छाया होती. मुंबई बालक अधिनियम 1924 मध्ये झाला आणि 1927 मध्ये ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडीचे निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या जागेतच उभे राहिले. मानखुर्दचे बालगृहही याच सोसायटीचे. कायद्यांची नावे पुढे अनेकदा बदलली, तरी लोकांच्या तोंडी ‘रिमांड होम’ हाच शब्द राहिला. ‘डोंगरीला टाकतील’ ही धमकी फलाटावरच्या मुलांना पोलिसाच्या काठीइतकीच परिचित आहे. स्वयंसेवी प्रयत्नांना निराळे वळण मिळाले ते 1962 मध्ये येशू संघीयांनी सुरू केलेल्या ‘स्नेहसदन’मुळे. मोठ्या दालनांऐवजी लहान लहान घरे आणि घरात गृहमाता, अशी तिथली रचना होती. 1980 च्या दशकात वडाळ्याला ‘शेल्टर डॉन बॉस्को’ सुरू झाले. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ (1988) या चित्रपटात मुंबईच्या रस्त्यावरची मुले होती. त्याच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या ‘सलाम बालक ट्रस्ट’चे काम दिल्ली व मुंबई या दोन्ही शहरांत चालते.

खुले निवारागृह : बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 43 ने मान्य केलेला हा प्रकार बालगृहाहून वेगळा आहे. बालगृहात मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने राहते. खुल्या निवाऱ्यात ते स्वतःच्या पायांनी येते आणि बहुधा तसेच निघूनही जाते. या जाण्याला अपयश समजणारा कार्यकर्ता इथे फार दिवस टिकत नाही. मुलाला आधी खेचते ते समुपदेशन नव्हे. नळ, संडास आणि कुलूप लागणारा लॉकर. बाटल्या वेचून किंवा गाडीत पाणी विकून मिळालेले पैसे झोपेत चोरीला जातात, म्हणून ते संध्याकाळपर्यंत उडवून टाकायचे किंवा ओळखीच्या टपरीवाल्याकडे ठेवायचे, असा फलाटाचा हिशेब असतो. टपरीवाला मागाहून किती परत देईल, याची खात्री नसते. लॉकरची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली की उद्याचा विचार करायला पहिल्यांदा जागा मिळते. ‘सोल्युशन’ म्हणजे पंक्चरचा डिंक किंवा व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगण्याचे व्यसन अशा दिनक्रमात भूक आणि थंडी मारण्यासाठी जडते. ते रागावून सुटत नाही. निवाऱ्यात दारापाशी फडके काढून ठेवायला सांगतात आणि जेवायला बसवतात, तिथून सुरुवात होते.

संपर्कसेवा : जेरू बिलिमोरिया यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील प्रकल्प म्हणून 1996 मध्ये मुंबईत ‘चाइल्डलाइन’ सुरू केली. 1098 हा क्रमांक फुकट असून ‘दस, नौ, आठ’ असा उलटा मोजत मुलांच्या लक्षात राहतो. 2023 पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे गेली व 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. स्थानकावर सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. ठाणे-मुंबई परिसरातील ‘समतोल फाउंडेशन’ अशा मुलांना काही आठवडे शिबिरात ठेवते आणि मगच पालकांच्या स्वाधीन करते. मधला काळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण मारहाणीमुळे पळालेला मुलगा दुसऱ्याच दिवशी घरी पोचवला, तर पुढच्या गाडीने परत येतो. मुली फलाटावर कमी दिसतात, याचा अर्थ त्या घर सोडत नाहीत असा नव्हे. मुलींना दलाल कार्यकर्त्याच्या आधी गाठतो. ‘प्रेरणा’ संस्थेने कामाठीपुऱ्यात वेश्यावस्तीतील मुलांसाठी चालवलेले रात्रीचे संगोपन केंद्र हा या बाबतीतला महत्त्वाचा प्रयोग होय.

अठरानंतर : व्यवस्थेतील सर्वांत मोठी फट इथे आहे. वाढदिवसाच्या दिवशी बालगृहातील मुलगा कायद्याने प्रौढ होतो. कलम 46 प्रमाणे संस्था सोडणाऱ्यास मदत करता येते. या मदतीची, म्हणजे अनुरक्षणाची, मुदत 21 व्या, अपवादाने 23 व्या वर्षापर्यंत आहे. पण ही तरतूद संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. जो कधी संस्थेत नव्हताच, चर्चगेटच्या भुयारी मार्गात मोठा झाला, त्याच्यासाठी या कलमात काही नाही. वयाचा दाखला नसेल तर अखेर वैद्यकीय तपासणीवर, बोलीभाषेत ‘हाडांच्या चाचणी’वर, भिस्त ठेवावी लागते. तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो, आणि त्या फरकावर त्याला बालगृह मिळायचे की पोलीस ठाणे हे ठरते. आधार, बँक खाते, भाड्याची खोली या तिन्हींना पत्ता लागतो. म्हणून पत्र यायला स्वतःचा पत्ता वापरू देणे, हे निवाऱ्याचे कमी बोलले जाणारे पण मोलाचे काम आहे.

प्रौढांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली उभारलेले रात्रनिवारे आहेत. शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे बारमाही, 24 तास उघडा असा एक निवारा हवा, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधील आदेशांतून आला. मुंबईच्या 2011 मधील 1 कोटी 24 लाख लोकसंख्येला तो लावला तर सव्वाशेच्या घरात निवारे लागतात. शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांत एकोणीस वर्षांचा पोरगा साठीच्या हमालाशेजारी झोपतो. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 हा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्यामुळे उघड्यावर झोपणाऱ्याला निवाऱ्याची गाडी भेटेल की भिकारी म्हणून पकडणारी, हे रात्रीवर अवलंबून असते.

अठरानंतरचा दुसरा आधार आरक्षणाचा. गोव्यातील अनाथाश्रमात वाढून अठराव्या वर्षी पुण्यात आलेल्या एका तरुणीने अनाथांचा प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. त्यानंतर महाराष्ट्राने 2018 मध्ये शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण दिले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. आईबाप हयात असून घर सुटलेल्या तरुणाला ते मिळत नाही.