सात-नऊची भोकं

जुलै १९६७. डहाणू रोडच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. छत्री तुमच्या डोक्यावर नाही, काखेतल्या खोक्यावर आहे. खोकं मेणकापडात गुंडाळलंय, कारण दमट पंचकार्डं फुगतात आणि यंत्राच्या तोंडात अडकतात. आत १,२२० कार्डं आहेत. डहाणूच्या वेधशाळेतले दहा पावसाळे, जून ते सप्टेंबर, दिवसाला एक कार्ड. वर प्रोग्रॅमची दीडएकशे. पालघर जिल्हा व्हायला अजून सत्तेचाळीस वर्षं आहेत.

तलासरीकडून आलेला एक म्हातारा खोक्याकडे बोट दाखवतो. "काय हाय यात?"

"पाऊस आहे, बाबा."

तो पत्र्यावरून कोसळणाऱ्या धारेकडे बघतो, मग तुमच्याकडे. पुढे काही विचारत नाही.

विरारपर्यंत कोळशाचं इंजिन, तिथून विजेची लोकल. चर्चगेटला उतरून बस पकडायची. ट्राम तीन वर्षांपूर्वीच बंद झाली. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्था. संगणकाच्या खोलीपाशी पोचलात की ओल्या शर्टात एकदम हुडहुडी भरते. ती थंडी तुमच्यासाठी नाही, काचेपलीकडच्या सीडीसी ३६०० साठी आहे. १९६४ साली तो अमेरिकेहून आला. याच संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती होती २,०४८ शब्दांची. या सीडीसीची ३२,७६८, आणि शब्द ४८ बिटांचा. आज तुमच्या खिशातल्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण आज म्हणजे कधी? तुम्ही १९६७ मध्ये आहात, आणि तुम्हाला ही स्मृती अफाट वाटते.

खोकं खिडकीत द्यायच्या आधी एकदा गठ्ठा तपासा. कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढलेली आहे ना? कार्डं हातातून सांडलीच तर ही रेघ पुन्हा जुळेपर्यंत लावत बसायचं. आता सगळ्यात वरचं कार्ड उजेडात धरा. पहिल्याच स्तंभात दोन भोकं आहेत, सातवर आणि नऊवर. कुठल्याही अक्षराला किंवा आकड्याला ही जोडी लागत नाही. म्हणूनच ती दिसली की यंत्रात ठाण मांडून बसलेल्या 'स्कोप'ला कळतं, की हा मजकूर नाही, हुकूम आहे.

स्कोप म्हणजे या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं घ्यायचं, मध्ये यंत्र रिकामं बसू द्यायचं नाही, हा तिचा धंदा. तुम्हाला आत प्रवेश नाही. बाजाराला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती यादी द्यावी, तसं सगळं आधीच लिहून द्यायचं. जॉब कार्डावर खातं, नाव आणि किती मिनिटं लागतील ते. मग फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रॅमचं भाषांतर कर, स्मृतीत चढव, चालव, अशी एकेक कार्डं. वाचायचं ते ६० नंबरवरून, छापायचं ते ६१ वर. हे नंबर म्हणजे नुसती नावं. त्यांच्यामागे कुठलं यंत्र जोडायचं ते स्कोप आणि ऑपरेटर बघतील. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. एखादा टेप ड्राइव्ह बिघडला, दुसरा लावला, तरी तुमच्या प्रोग्रॅमातला एक स्वल्पविरामही हलवावा लागत नाही.

"उद्या या," खिडकीतला माणूस म्हणतो. दादरला मामाकडे मुक्काम.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत मिळतो. त्याला रबरबँडने लावलेला छापील कागद फारच पातळ आहे. पातळ कागद म्हणजे वाईट बातमी. दहा वर्षांच्या सरासऱ्या १० नंबरच्या टेपवर लिहा, असं तुम्ही प्रोग्रॅमात सांगितलंत. पण १० म्हणजे टेप, हे सांगणारं 'इक्विप' कार्ड गठ्ठ्यात घातलंच नाहीत. यादीत तेल लिहिलं, बाटली दिलीच नाही. यंत्राची काही चूक नाही.

पंचिंगच्या खोलीत जाऊन एक कार्ड काढता. सात-नऊ, इक्विप, स्वल्पविराम, १०, बरोबरचं चिन्ह, एमटी म्हणजे टेप. जॉब कार्डाच्या खाली ते सरकवता आणि गठ्ठा पुन्हा खिडकीत देता. या वेळी काचेला नाक लावून बघता. ऑपरेटर खोकं उघडतो, कार्डं दोन्ही हातांनी पिंजतो, फुंकर मारतो, रीडरवर ठेवतो. फर्रर्र. दहा पावसाळे मिनिटभरात आत जातात.

"उद्या या."

मामाकडे आणखी एक रात्र काढायला तोंड नाही. संध्याकाळी विरारला गाडी बदलता, पुन्हा कोळशाचा वास. डहाणू रोडला उतरता तेव्हा फलाटावरून पाणी वाहतंय आणि तुमचे हात मोकळे आहेत. उद्या सकाळी साडेआठला वेधशाळेतला माणूस आजचा पाऊस मोजेल. त्याचं कार्ड अजून पंच व्हायचंय.