भांड्यावरचे नाव

मंडळी, आज एक लहानसे काम करा. मांडणीवरचे एखादे जुने पितळेचे पातेले नाहीतर तांब्याची कळशी खाली काढा आणि काठाशी काय कोरले आहे ते वाचा. कुठे घरधन्याचे नाव आणि गाव असेल, कुठे 'मामांकडून सप्रेम भेट' असेल, कुठे कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असे असेल. आपल्याकडे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची चाल जुनी आहे. लग्नाकार्यात शेजारपाजारची भांडी गोळा होत, आणि पंगती उठल्यावर कोणते कोणाचे हे त्या नावावरूनच कळे.

पण आता दुसरा प्रश्न विचारतो. ते पातेले ज्या तांबटाने ठोकून ठोकून घडवले, त्याचे नाव त्यावर आहे का? शोधून पाहा. बहुतेक नाही. घेणाऱ्याचे नाव आहे, देणाऱ्याचे आहे, घडवणाऱ्याचे तेवढे नाही. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे व्यापाराचा मोठा इतिहास उभा आहे, आणि तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या आठवड्याच्या बाजारात एक लोहार विळ्या घेऊन बसत असे. त्याच्या विळीच्या पात्यावर उघड्या पंजाची बारीक खूण ठोकलेली असे. बायका विळी हातात घेऊन आधी पंजा पाहत आणि मग भाव विचारत. पुढे दुसऱ्या कोणीतरी पातळ पत्र्याच्या विळ्या करून त्यांवर तसाच पंजा ठोकला आणि त्या चार आणे कमी भावाने विकल्या. भोपळा चिरताना पाती वाकू लागली. शिव्या कोणाला बसल्या? पंजावाल्या म्हाताऱ्याला! त्याची बाजारातली जागा दोन वर्षांत उठली. त्याचा लोखंडाचा एक तुकडाही चोरीला गेला नव्हता. चोरीला गेले होते ते त्याचे नाव.

हीच कहाणी फार मोठ्या प्रमाणावर इंग्लंडातल्या शेफील्ड या गावी घडली. हे गाव चाकू-सुऱ्यांचे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यातही शेफील्डच्या सुरीचा उल्लेख आहे, इतकी तिची ख्याती जुनी. तिथल्या प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असे, आणि पात्यावर ती ठोकल्यावाचून माल बाहेर पडत नसे. सन १६२४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून या सुरी-कारागिरांची एक कंपनी स्थापली. त्या मुलखाच्या नावावरून तिला हॅलमशरची कटलर्स कंपनी म्हणतात. ती कारागिरांना खुणा नेमून देई आणि त्यांची नोंद ठेवी. एकाची खूण दुसऱ्याने वापरायची नाही, असा दंडक होता. ही कंपनी आजही शेफील्डमध्ये आहे. जोसेफ रॉजर्स या पेढीचे चाकू एके काळी आपल्या देशातही येत. त्यांवरची तारा व माल्टी क्रूस ही खूण याच कंपनीने सतराव्या शतकात दिलेली होती.

ही व्यवस्था एका धंद्यापुरती आणि एका मुलखापुरती होती. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आणि आगबोटी आल्या, माल हजारो मैल जाऊ लागला. करणारा एका खंडात आणि घेणारा दुसऱ्या. तोंडओळख संपली, खुणेवर विसंबणे तेवढे उरले. तेव्हा सर्व धंद्यांसाठी एकच सरकारी नोंदवही असावी अशी मागणी वाढली. सन १८७५ मध्ये ब्रिटनने तसा कायदा केला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. पहिल्या क्रमांकाचा मान बास नावाच्या बियर करणाऱ्या कंपनीच्या तांबड्या त्रिकोणाला मिळाला. जर्मनीने तर असा कायदा त्याच्या एक वर्ष आधी, १८७४ मध्येच केला होता.

पण खरी लढाई पुढेच होती. जर्मनीतले झोलिंगेन हे गावही चाकू-सुऱ्यांचेच. जर्मनीतून येणाऱ्या स्वस्त मालावर 'शेफील्ड' हे नाव ठोकलेले असते, अशी शेफील्डकरांची तक्रार होती. हा माल तेव्हा फारसा नावाजलेलाही नव्हता. सन १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेल्या फ्रान्झ रूलो या जर्मन तज्ज्ञानेच आपल्या देशाचा माल स्वस्त पण वाईट असल्याचे स्पष्ट लिहून पाठवले होते. अखेर १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने व्यापारी मालावरील खुणांचा कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी नाव किंवा खूण असेल, तर तो माल कोणत्या देशात झाला हेही त्यावर लिहिले पाहिजे, असे ठरले. अशा रीतीने 'मेड इन जर्मनी' हे शब्द बाजारात आले.

आता गंमत पाहा. हे शब्द लावले ते गिऱ्हाइकाने माल ओळखावा आणि टाळावा म्हणून. पण जर्मन कारागिरांनी ती नामुष्की मनाला लावून घेतली आणि माल सुधारला. दहा वर्षांच्या आतच, १८९६ मध्ये, ई. ई. विल्यम्स या इंग्रज लेखकाने 'मेड इन जर्मनी' याच नावाचे पुस्तक लिहून आपल्या देशबांधवांना जर्मन मालाच्या चढाओढीबद्दल सावध केले. डाग म्हणून लावलेली खूण टिळा होऊन बसली! पुढे १९३८ मध्ये खुद्द 'झोलिंगेन' या नावालाही जर्मन कायद्याचे संरक्षण मिळाले. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. खूण नुसती ठोकून भागत नाही, तिची पत मालातूनच वाढते किंवा बुडते.

याच १८८७ च्या कायद्याच्या धर्तीवर आपल्याकडे १८८९ चा हिंदुस्थानचा मर्चंडाइझ मार्क्स अॅक्ट आला. खोटी खूण मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. परंतु खूण नोंदवून घेण्याची सोय त्यात नव्हती. म्हणजे चोराला शिक्षा होती, पण 'ही खूण माझी' असे सांगायला धन्याजवळ कागद नव्हता. पुष्कळ व्यापारी दस्त-नोंदणीच्या कचेरीत जाऊन आपल्या खुणेचे जाहीरनामे नोंदवीत आणि तेवढ्यावर समाधान मानीत. तंटा झालाच तर कोर्टात साक्षी-पुरावे देऊन सगळे शाबीत करावे लागे. साध्या कारागिराला हे कसे परवडावे?

ही उणीव १९४० च्या ट्रेड मार्क्स कायद्याने भरून काढली आणि १ जून १९४२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा झाला. १८८९ चा आणि १९४० चा असे दोन्ही कायदे त्यात एकत्र आले. तो २५ नोव्हेंबर १९५९ पासून लागू झाला. आज चालू आहे तो १९९९ चा कायदा. त्याचा अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून आहे.

तुमच्यापैकी कोणी तवे करीत असेल, कोणाचा बचत गट लाकडी चमचे-लाटणी करीत असेल. त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, मालाचे वर्ग पाडलेले आहेत. एकूण ४५ वर्गांपैकी पहिले ३४ मालाचे आणि उरलेले सेवांचे. स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, काचेची आणि मातीची भांडी एकविसाव्या वर्गात येतात. चाकू-सुऱ्या आणि काटे-चमचे आठव्यात, शेगड्या आणि स्टोव्ह अकराव्यात, विजेचा मिक्सर सातव्यात. साधा प्रेशर कुकर एकविसाव्यात, पण विजेवर चालणारा अकराव्यात! म्हणून अर्ज करताना वर्ग नीट पाहावा. प्रत्येक वर्गाची फी वेगळी भरावी लागते. सन २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ती एका वर्गाला ४,५०० रुपये आहे; मात्र अर्ज संगणकावरून केला पाहिजे. कागदी अर्जाला ५,००० रुपये पडतात.

दुसरी गोष्ट, नाव कसे निवडावे. 'मजबूत तवा' किंवा 'शुद्ध पितळ' अशी मालाचे नुसते वर्णन करणारी नावे सहसा नोंदली जात नाहीत, कारण ते शब्द साऱ्या बाजाराचे आहेत. दुसऱ्याच्या नावाशी घोटाळा होईल असे नावही चालत नाही. अर्ज पसंत पडला की तो ट्रेड मार्क्सच्या सरकारी पत्रिकेत छापला जातो आणि कोणालाही हरकत घ्यायला चार महिन्यांची मुदत असते. नोंद झाली की ती दहा वर्षे चालते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवून घेता येते. नोंद होण्याआधीच ती झाल्याची निशाणी, म्हणजे वर्तुळातले इंग्रजी 'आर', छापणे कायद्याला मान्य नाही.

तिसरी गोष्ट दिलाशाची आहे. तुमची खूण नोंदलेली नसली, पण तुम्ही ती आधीपासून सतत वापरीत असाल, तर नंतर आलेल्याने केवळ नोंद केली म्हणून तुमचा हक्क जात नाही. मात्र तो शाबीत करावा लागतो. त्यासाठी जुन्या पावत्या, बिले, छापील कागद जपून ठेवा. आमच्या पंजावाल्या म्हाताऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते.

चौथी गोष्ट, नाव मिळाले तरी राखावे लागते. 'थर्मास' हा शब्द पाहा. ग्रीक शब्दावरून घडवलेले हे १९०४ सालचे एका जर्मन कंपनीचे नाव. पुढे लोक ऊन चहा ऊन ठेवणाऱ्या कोणत्याही बाटलीला थर्मास म्हणू लागले. सन १९६३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितले की हा आता सर्वांचा शब्द झाला आहे आणि काही बंधने पाळून इतरांनाही तो वापरता येईल. नाव गाजले, आणि गाजता गाजताच मालकाच्या मुठीतून बरेचसे निसटले.

एकट्याच्या नावाप्रमाणे गावाच्या नावालाही आता आपल्याकडे संरक्षण आहे. भौगोलिक निर्देशनांचा कायदाही १९९९ चाच. सोलापूरच्या चादरीला त्याखाली नोंद मिळाली आहे. शेफील्डकर ज्यासाठी पार्लमेंटपर्यंत गेले, तेच हे.

शिक्षकांना शेवटी एक सुचवतो. एके दिवशी मुलांना घरातल्या पाच भांड्यांवरची नावे आणि बुडावरच्या खुणा वहीत उतरून आणायला सांगा. मालकाचे नाव किती भांड्यांवर आणि करणाऱ्याचे किती, याचा तक्ता फळ्यावर मांडा. मुलांना इतिहासाचा एक धडा त्यातच मिळेल.

आणि ज्यांचे हात घडवण्याचे काम करतात, त्यांना एवढेच सांगणे आहे. भांडे विकले की ते दुसऱ्याचे होते, आणि त्यावर तो आपले नाव खुशाल घालील. त्याआधी बुडाशी आपले नाव उमटवा, आणि ते सरकारी वहीतही उमटवा.