बॅटरी आपटू नका, उघडून बघा



गेल्या पावसाळ्यात गटाची बैठक उरकून आम्ही सातजणी बांधावरून घरी निघालो होतो. मध्येच हातातली बॅटरी विझली. एकीने ती तळहातावर आपटली, तशी लागली. चार पावलांवर पुन्हा अंधार. मण्यार, घोणस बहुतेक रात्री बाहेर पडतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. एकमेकींचा हात धरून कशाबशा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी ठरवलं, ही बॅटरी उघडायचीच. उघडली, तेव्हा तिचा इतिहासही शोधला. आज तोच सांगतो, कारण बिघाडाचं उत्तर त्यातच आहे.

१८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी एक विजेचा घट केला. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी आणि त्यात जस्ताची कांडी. हो, भांड्यांना कल्हई करताना लागतो तोच नवसागर! पण बरणी कलंडली की पाणी सांडायचं. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी नवसागर प्लास्टरमध्ये कालवून जस्ताच्या डब्यातच भरला. झाला कोरडा सेल. आपल्या साध्या सेलची घडण अजून त्याच जातीची आहे. वीज देता देता त्याचं जस्त झिजतं, डब्याला भोक पडतं आणि आतलं रसायन बाहेर येतं. सेल ‘फुटतो’ तो असा.

१८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिझेल यांना हातात धरायच्या दिव्याचं पेटंट मिळालं. नळीत एकामागे एक सेल, पुढे बल्ब, त्यामागे चकचकीत पितळ. पण तेव्हाचे सेल अशक्त आणि बल्बही कमजोर. दिवा सलग जळायचा नाही, नुसता लखकन चमकायचा. म्हणून तिकडे त्याचं नाव पडलं फ्लॅशलाइट. पुढे १९१० च्या सुमारास टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले, सेलही सुधारले, तेव्हा कुठे उजेड टिकू लागला.

रचना मात्र तीच राहिली. वीज एका सेलमधून दुसऱ्यात, तिथून बल्बमध्ये आणि बटणातून परत मागच्या स्प्रिंगपाशी येते. ही फुगडीच समजा. एकीचा हात सुटला की खेळ थांबला. आपटल्यावर सुटलेला हात क्षणभर जुळतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो.

म्हणून आता असं करा. सेल काढा. दोन्हींची टोपी बल्बकडे आहे ना, ते बघा. नवे सेल घालून पाहा, पण एक जुना एक नवा अशी जोडी लावू नका. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर असेल तर काचपेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, मग हात धुवा. स्प्रिंग दबली असेल तर हलकेच ओढून ताठ करा. बल्ब फिरकीचा असेल तर नीट आवळा. त्याची आतली तार तुटलेली दिसली तर बल्ब बदला. एवढं करूनही लागली नाही, तर दोष बहुधा बटणात आहे, ते दुकानात दाखवा. चार्जिंगची बॅटरी मात्र प्लगला असताना कधी उघडू नका. आणि जुने सेल चुलीत टाकू नका, ते फुटून अंगावर उडतात.

आमच्या बॅटरीच्या स्प्रिंगवर थर साचला होता. दोन मिनिटं घासलं आणि उजेड पडला. इतकी वर्षं ‘बायकांचं काम नाही’ म्हणून आम्ही ती कुणाच्या तरी हातात देत होतो, नाहीतर फेकत होतो. आता गटाच्या पेटीत काचपेपरचा तुकडा असतो. बॅटरी महिनाभर वापरायची नसेल, तर सेल काढून ठेवतो.

पुढच्या बैठकीला घरातली बंद बॅटरी घेऊन या, मैत्रिणींनो. एकत्र बसून उघडू. रात्रीची वाट आपल्यालाच चालायची आहे.