चांदा कोणत्या संघाचा? संतोष करंडक आणि बदलता नकाशा

१/
चंद्रपूर किंवा गडचिरोलीचा क्रिकेटपटू रणजी करंडकात ‘विदर्भ’ संघाकडून खेळतो. त्याच गावच्या फुटबॉलपटूची संतोष करंडकासाठी निवड झाली, तर त्याच्या छातीवर ‘महाराष्ट्र’ हे नाव येते. एकाच मातीचे दोन खेळांत दोन प्रतिनिधी कसे झाले, याचा हा इतिहास.

२/
पश्चिम भारतातील संघटित फुटबॉल मुंबईत रुजला. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि आरंभी त्यावर ब्रिटिश पलटणींचे वर्चस्व होते. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, स्थापन झाली. पुढे राज्याचा संघ निवडण्याचे काम याच संस्थेकडे राहिले. तिचे प्रमुख मैदान कूपरेज, तेही दक्षिण मुंबईत.

३/
प्रांतांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९४१ मध्ये सुरू झाली. करंडकाच्या नावातील ‘संतोष’ म्हणजे समाधान नव्हे. ती पूर्व बंगालमधील टांगाइलजवळची एक जमीनदारी. तेथील राजे मन्मथनाथ रायचौधुरी हे बंगालच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ हा करंडक देण्यात आला. पहिले विजेतेपदही बंगालनेच मिळवले.

४/
त्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्याचाच पूर्वभाग. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. वर्धा नदीपलीकडचा राजुरा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके तेव्हा दोन वेगळ्या राजवटींखाली होते.

५/
१९५४-५५ मध्ये ‘बॉम्बे’ संघाने प्रथमच संतोष करंडक जिंकला. मुंबईच्या फुटबॉलचा तो बहराचा काळ होता. टाटा संघाच्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. मात्र करंडक जिंकला गेला तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता. मुंबईचा तो विजय त्याच्यासाठी परराज्याचा होता.

६/
१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चांदा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजुरा हैदराबादमधून निघून आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. याच सुमारास, १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा सलग दोन हंगामांत, अंतिम फेरीत हैदराबादने बॉम्बेला हरवले. दुसऱ्या विजयाच्या वेळी हैदराबाद राज्य नकाशावर उरले नव्हते. फुटबॉल संघाने मात्र ते नाव जपले होते.

७/
क्रिकेटची वाट येथेच वेगळी झाली. १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ या नावाचा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरला. परिणामी आज एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत. फुटबॉलमध्ये मात्र राज्याला एकच संघ मिळाला.

८/
महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. १९६३-६४ मध्ये आंध्र प्रदेशला नमवून ‘महाराष्ट्र’ या नावाने पहिला संतोष करंडक आला. कागदोपत्री हा विजय चांद्याचाही होता.

९/
प्रत्यक्षात फुटबॉलचे केंद्र मुंबईच राहिले. टाटा, मफतलाल, एअर इंडिया अशा संस्थांचे संघ खेळाडूंना नोकरी देत, आणि नोकरीमुळेच खेळ टिकत असे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तर मुंबई आठशेहून अधिक. निवडकर्त्यांच्या नजरेस पडायचे, तर आधी हे अंतर कापावे लागे.

१०/
पुढची दोन विजेतेपदे केरळच्या भूमीवर, केरळलाच हरवून आली: १९९०-९१ मध्ये पालक्काड येथे १-० आणि १९९९-२००० मध्ये त्रिशूर येथे ३-२. मधल्या काळात, १९९२-९३ च्या अंतिम सामन्यात, केरळने कोचीत महाराष्ट्राला २-० असे नमवून परतफेड केली होती. एकूण विजेतेपदे चार. अंतिम फेरीतील पराभव त्याहून कितीतरी अधिक.

११/
या इतिहासाचा एक धागा थेट जंगलात पोहोचतो. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचे चांदा जिल्ह्यात पुनर्वसन झाले. आजच्या मुलचेरा, चामोर्शी परिसरात त्यांच्या वसाहती आहेत. ज्या पूर्व बंगालने करंडकाला नाव दिले, तेथील माणसे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला स्थायिक झाली.

१२/
मार्च २०१६ मध्ये संतोष करंडकाचा अंतिम सामना नागपुरात झाला. सेनादलाने महाराष्ट्राला २-१ असे हरवले. दोन वर्षांच्या आत, २०१७-१८ च्या हंगामात, विदर्भाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला. त्या विजयात चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना आपल्या प्रदेशाचे नाव ऐकू आले. फुटबॉलमध्ये त्यांच्यासाठी राज्याचे नाव आहे. त्या नावापर्यंत जाणारी वाट मात्र अजूनही लांबची आहे.