‘ओली केली’ की ‘ओली झाली’?

आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. मूल जागं असताना, खेळताना, वर्गात बसलेलं असताना चड्डी ओली होणं. यालाही इतिहास आहे, आणि तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्नही त्यात आहे.

मराठीत आपण दोन तऱ्हांनी बोलतो. ‘चड्डी ओली केली’ आणि ‘चड्डी ओली झाली’. पहिल्या वाक्यात कर्ता आहे. कर्ता आला की दोष आला, आणि घरात दोष आला की बहुधा धपाटाही येतो. मग ही कृती मानायची की घटना?

रात्रीच्या अंथरुणाबद्दल जुन्यांनी लिहिलंय. शार्ङ्गधरसंहितेत शय्यामूत्राचा उल्लेख आहे. इंग्लंडात टॉमस फेअरने 1545च्या सुमारास बालरोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात कोंबड्याच्या श्वासनलिकेची पूड सुचवली. औषध हास्यास्पद खरं. पण मूत्र धरून ठेवणारी शक्ती दुबळी पडते, असं तो म्हणतो. मुलाला आळशी म्हणत नाही. दिवसाच्या गळतीकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. जागं मूल म्हणजे जबाबदार मूल, असं गृहीतच धरलेलं!

1966 साली बेलफास्टच्या व्हिन्सेंट या डॉक्टरांनी एक साधं निरीक्षण प्रसिद्ध केलं. काही मुली खेळता खेळता एकदम खाली बसतात, टाच मूत्रमार्गाच्या जागी दाबून धरतात आणि क्षणभर स्तब्ध होतात. दुरून पाहिलं तर वाकून नमस्कार केल्यासारखं दिसतं, म्हणून त्या खुणेला तसंच नाव पडलं. मोठ्यांना तो चाळा वाटे, कधी काही भलतंच वाटे. वास्तविक मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असतं आणि ती मुलगी जिवाच्या आकांताने ते थोपवत असते. म्हणजे पाहा, कृती इथे आहेच, पण ती ओलं न होण्याची आहे!

1973 मध्ये अमेरिकेत हिनमन आणि बाउमन यांनी याची गंभीर बाजू मांडली. मज्जातंतू धड, वाटेत अडथळा नाही, तरी काही मुलांचं मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या खराब झालेल्या. लघवी करताना जो स्नायू सैल पडायला हवा, तोच ती मुलं आवळून धरत होती. सवयीने अवयव बिघडतो, हे शरीर आणि मन वेगळं मानणाऱ्यांना जड जातं. पुढे 1980च्या दशकात मॉन्ट्रियलला ओरेगन आणि सहकाऱ्यांनी बद्धकोष्ठाकडे बोट दाखवलं. भरलेलं मलाशय शेजारच्या मूत्राशयाला दाबतं. पोट साफ होऊ लागलं की कित्येकांची गळतीही थांबते.

आपल्याकडे चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेग अडवू नयेत असं सांगताना मूत्र आणि मल यांनाच आधी घेतलंय. आपल्या शाळांतली स्वच्छतागृहं मात्र अशी, की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि घरी येईपर्यंत धरून ठेवतात. याला मी मुलांची सवय म्हणणार नाही.

तेव्हा पाच वर्षांनंतरही दिवसा गळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. जाताना दोन-तीन दिवसांची नोंद न्यावी : किती वेळा गेलं, किती प्यायलं, शौचाला कधी झालं. डॉक्टर लघवी तपासतील, पाठीचा कणाही पाहतील. मूल पूर्वी कोरडं राहत होतं आणि अचानक गळू लागलं, ताप किंवा जळजळ आहे, तहान वाढून वजन उतरतंय, चाल बदललीय, तर थांबू नये.

आणि एक प्रकार मुद्दाम सांगतो. एखादी मुलगी वेळच्या वेळी नीट लघवीला जाते आणि तरीही दिवसरात्र थेंब थेंब ओलीच असते. तिची एक मूत्रवाहिनी कधी कधी मूत्राशयात न उघडता खाली, झडप ओलांडून उघडलेली असते. जन्मतःच. तिला कितीही शिकवा, रागवा, बक्षीस द्या, काही होणार नाही. शस्त्रक्रियेने ती कोरडी होते.